उघडणाऱ्या दाराची जागा

कार्ड बसलं, पण वायर बसेना.

दारकाका जेवणाच्या टेबलावर आडव्या घातलेल्या कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत डोकं घालून उभे होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सहा टोकांचा प्लग. ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेत टक्‌ आवाज करून बसलं होतं, मागचा स्क्रूही आवळून झाला होता. पण कार्डाला वीज देणारी वायर त्याच्या पुढच्या टोकाला लावायची होती, आणि त्या टोकासमोर हार्ड डिस्कचा पत्र्याचा पिंजरा नाकाला नाक लावून उभा होता. प्लग तिरका घालून पाहिला, उलटा करून पाहिला, शेवटी चिमट्यात धरूनही पाहिला. तीन मिलिमीटरच्या फटीत साडेतीन सेंटिमीटरचा प्लग जाणार तरी कसा?

"काय झालं?" खिडकीपाशी शिवायला बसलेल्या काकूंनी विचारलं. मशीनचं पॅडल काही थांबलं नव्हतं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे."

"माप बरोबर आहे गं. कार्ड सव्वीस सेंटिमीटर सात मिलिमीटर, जागा बरोबर सत्तावीस. कार्ड बसलंय." काका जरा घुटमळले. "प्लग लावायला जागा नाही."

आता पॅडल थांबलं. काकू गुडघ्यावर हात देत उठल्या, टेबलापाशी आल्या आणि आधी पेटीत नि मग शेजारच्या कागदावर पाहू लागल्या. त्या कागदावर पेटीचा उभा छेद काढलेला होता, पूर्ण मापाचा, बारीक पेन्सिलीने. पत्र्याची जाडीसुद्धा दोन रेघांनी दाखवलेली. कार्डाच्या दोन्ही पंख्यांची वर्तुळं होती, स्क्रूंची भोकं होती, बाणांमध्ये आकडे होते. प्लग मात्र नव्हता.

काकूंना हसू आवरेना. "अहो दारकाका," त्या म्हणाल्या, "दार कुठं उघडतं?"

काका हसले नाहीत. बायकोने थट्टेत बोलावं आणि ते नेमकं वर्मी लागावं, असं त्यांच्या घरात नेहमीच होई. पण आजची थट्टा त्यांना फार खोल लागली.

त्यांना दारकाका हे नाव पडलं होतं ते याच प्रश्नामुळे. एकतीस वर्षं ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. आधी ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर सरकवून आणि मग कॉम्प्युटरवर माऊस सरकवून त्यांनी लोकांची घरं काढली. त्यांचं स्वतःचं डोकं काही घर कल्पिणारं नव्हतं, हे ते स्वतःच सांगत. कल्पना साहेबांची, रेघा काकांच्या. पण कुठलाही प्लॅन हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दार कुठं उघडतं?" दार म्हणजे भिंतीतलं भोक नव्हे, ते उघडतं, आणि उघडायला त्याला जागा लागते. ती जागा प्लॅनमध्ये पाव वर्तुळाने दाखवतात. बाकीचे ते वर्तुळ उरकून टाकत. काका मात्र ते पाव वर्तुळ पलंगाला लागतं का, कपाटाला लागतं का, आत उभ्या असलेल्या माणसाच्या ढोपराला लागतं का, हे पाहिल्याशिवाय प्लॅन पुढे सरकू देत नसत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही घरात दारावर दार आपटलं नाही. हीच त्यांची कमाई. तिला कोणी बक्षीस देत नाही, कारण न आपटणाऱ्या दाराचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

मोठे साहेब होते तोवर हे सगळं ठीक होतं. ते गेले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा आला. माणूस वाईट नव्हता. धाकट्या साहेबांनी कधी आवाज चढवला नाही, काकांना कधी "अहो"शिवाय हाक मारली नाही. गोड बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, त्याचं नाही कुठलं आणि हो कुठलं ते कळत नाही.

महिन्यापूर्वी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

"काका, आता प्लॅन बघून लोकांना काही कळत नाही हो. त्यांना थ्रीडी लागतं. आत फिरून बघता आलं पाहिजे, सोफ्यावर ऊन पडलेलं दिसलं पाहिजे."

"मी शिकतो ना साहेब. बोर्ड सोडून कॉम्प्युटर नाही का शिकलो?"

"शिकाल हो तुम्ही. पण इथली नवी मशीन्स पोरांकडे आहेत. तुमच्याकडे घरी आहे ना एक? त्याच्यात जरा चांगलं ग्राफिक्स कार्ड वगैरे टाकून बघा. जमलं तर करा एखादं घर. मग बघू."

काका घरी आले ते उड्या मारतच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "मग बघू म्हणाले?"

"हो."

"मग झालंच म्हणायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही माझ्या मशीनच्या मोटारीचं आठ वर्षं काय म्हणताय?"

काकांना ते आवडलं नाही. मोटारीची गोष्ट वेगळी होती. काकू लोकांच्या कपड्यांची अल्टरेशन करत, दिवसभर पॅडल मारत, आणि गुडघे दुखतात म्हणून मशीनला एक छोटी मोटार बसवायची असं ठरलं होतं. दर वेळी काहीतरी आडवं येई आणि काका म्हणत, "मग बघू." पण ते बघणारच होते! मनापासून म्हणत होते ते. साहेबही तसेच म्हणाले असतील. काका नाकासमोर चालणारा माणूस. ज्याच्या कागदावर प्रत्येक रेघ म्हणजे एक भिंत, त्याला बिनअर्थाची रेघ कशी वाचता येणार?

घरचा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसनेच अकरा वर्षांपूर्वी काढून टाकलेला. नवा घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा आहे त्यालाच टेकू द्यायचा. काका दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि मशीनची सगळी माहिती सांगितली. दुकान चालवणारी बाई चाळिशीची, कपाळावर भिंग चढवलेली, बोलायला फटकळ.

"काका, गेम खेळायचेत का?"

"नाही हो ताई. घरं बांधायचीत."

"मग नवं कार्ड नकोच. नवं कार्ड या मशीनमध्ये म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन." तिने मागच्या फळीवरून एक काळं, दोन पंख्यांचं कार्ड काढलं, फुंकर मारली. "हे जुनं आहे, पण हाडाचं चांगलं आहे. गेमवाले टाकून देतात, तेव्हा तुमच्यासारख्यांचं भागतं. पण तुमच्या मशीनच्या आतला वीज पुरवणारा डबा मरतुकडा आहे, त्याला हे झेपायचं नाही. तोही बदलावा लागेल. वापरलेला देते, पण चांगला देते. आणि एक सांगते, हे लांबीला जास्त आहे. जागा मोजलीत?"

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढून काउंटरवर पसरला. बाईने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, इतकं तर कंपनीवालेसुद्धा काढत नसतील," ती म्हणाली. "एवढं मोजलंय म्हणजे बसणारच."

तिचंही लक्ष गेलं नाही. इतक्या सुबक कागदावर चूक असेल असं कुणाला वाटतं? मोटारीसाठी काकूंनी बटणांच्या डब्यात पैसे बाजूला ठेवले होते, ते त्या कार्डात आणि त्या विजेच्या डब्यात गेले. काकूंनीच काढून दिले. "आधी तुमचं कार्ड," त्या म्हणाल्या. पुढचं मोटारीबद्दलचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, आणि काकांनीही विचारलं नाही.

आणि आता प्लग बसत नव्हता. काका खुर्चीत बसले.

"मी विसरलो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं दुसऱ्याला सांगतोय, आणि मीच विसरलो. म्हातारा झालो मी."

"म्हातारे झालात ते आज का? तो पिंजरा कापता येणार नाही का?"

"कापायचा?"

"अहो, कपडा अंगाला घट्ट झाला की मी काय रडत बसते? उसवते. थोडा पत्रा उसवा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेटीतलं सगळं एकेक करून बाहेर काढलं: कार्ड, हार्ड डिस्क, मोठा हिरवा बोर्ड. प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर लिहून त्याच जागी चिकटपट्टीने चिकटवला. रिकाम्या पेटीवर खूण करून ते हॅकसॉने पत्रा कापू लागले. काकूंनी दोन्ही हातांनी पेटी दाबून धरली. दाभणाने दात कोरावेत तसा आवाज घरभर झाला. कापून झाल्यावर लोखंडाचा बारीक भुगा पेटीत सगळीकडे पसरलेला दिसला, तेव्हा काकूंनी टाचण्या गोळा करायचं आपलं लोहचुंबक आणलं आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. लोहचुंबकाला काळी दाढी फुटली.

"एक कण राहिला तर बोर्ड जळेल," काका म्हणाले.

"राहणार नाही. मुलांच्या कपड्यांत टाचणी राहू देत नाही मी, तुमच्या डब्यात राहू देईन?"

इतक्या वर्षांत दोघांनी मिळून केलेलं असं हे पहिलंच काम असावं. काकांना वाटलं, तिला हे सांगावं. पण त्यांना तसं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "त्या कोपऱ्यात बघ अजून."

प्लग बसला. वायरीला वाकायला जागा मिळाली. मात्र वायरीचा फुगवटा बाहेर आल्यामुळे पेटीचं बाजूचं झाकण काही लागेना. ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच.  काकांनी दुकानवालीला फोन लावला.

"पंखे फिरतायत ना? मग घाबरू नका," ती म्हणाली. "पडद्याची वायर जुन्याच ठिकाणी लावलीत ना?"

काकांनी मागे वाकून पाहिलं. "हो."

"सगळे तेच करतात. हात जुन्या जागेवरच जातो. आता तिथं काही नसतं काका. तिथून काढा आणि कार्डाच्या मागे लावा."

वायर हलवली आणि पडदा उजळला.

पुढचे अठरा दिवस ऑफिसची वेळ सोडली तर काकांनी दुसरं काही केलं नाही. ऑफिसात हातात असलेलं घरच त्यांनी घेतलं, ज्याचा प्लॅन त्यांच्याच हातचा होता. भिंती उभ्या केल्या, जिना चढवला, खिडक्या कापल्या. शिकताना शंभरदा अडले. एकदा छत उलटं बसलं, एकदा सगळं घर जमिनीखाली गेलं. आणि एका सकाळी त्यांनी ऊन लावलं, कार्डाचे पंखे घोंघावले, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर खिडकीच्या गजांची सावली पडली. काका कितीतरी वेळ त्या पायरीकडे पाहत बसले. एकतीस वर्षं त्यांनी जिने वरून पाहिले होते, चढताना कधीच पाहिले नव्हते.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेनड्राइव्ह घेऊन ते केबिनमध्ये गेले.

"साहेब, झालं."

"काय झालं काका?"

"थ्रीडी. तुम्ही म्हणाला होतात ना? कार्ड टाकलं. घर केलंय, आत फिरता येतं."

धाकट्या साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, लावला, पाहिलं. जिना पाहिला, खोल्या पाहिल्या. मग खुर्चीत मागे रेलले आणि कपाळ चोळू लागले.

"काका, तुम्ही खरंच कार्ड आणलंत?"

"म्हणजे?"

"अहो, मला वाटलं..." साहेब थांबले. नेहमीचं गोड बोलणं त्यांना सापडेना. "मला वाटलं, तुम्हीच येऊन म्हणाल की या वयात हे नाही जमणार. म्हणजे मग तुम्हालाही वाईट वाटलं नसतं, आणि मलाही..."

काका उभेच होते. आपण केलेलं काम आपल्याच अंगाशी आलं, हात दाखवून अवलक्षण झालं, एवढं त्यांना कळलं. अट घातली होती ती पूर्ण व्हावी म्हणून नव्हे. तो बाहेरचा रस्ता होता, आणि या शहाण्याने त्यावर जिना बांधून आणला होता.

"थ्रीडी आता बाहेरून येतं काका. प्लॅन पाठवला की दुसऱ्या दिवशी चित्रं हजर. हे बघा, याच घराची." साहेबांनी पडदा वळवला.

चित्रं सुंदर होती. काकांच्या घरापेक्षा कितीतरी सुंदर, हे त्यांनी मनात कबूल केलं. सोफ्यावर ऊन होतं, टेबलावर फळं होती, बाथरूममध्ये पांढरं शुभ्र बेसिन आणि त्यावर दोन टॉवेल. काका पुढे झुकले. बेसिन त्यांच्या प्लॅनमधल्या जागेवर नव्हतं. चित्र छान दिसावं म्हणून कुणीतरी ते अलीकडे ओढलं होतं.

"साहेब, हे दार बेसिनला लागतंय."

"कुठं?"

"हे. हे आत उघडतं. निम्म्यात अडकेल. आत माणूस शिरणार नाही."

साहेबांनी चित्र नीट पाहिलं. मग अगदी मायेने, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "काका, चित्रात दार बंद आहे."

 काकांनी पेनड्राइव्ह परत मागितला. साहेबांनी तो काढून हातात दिला, आणि दिलासा म्हणून म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत तर आहातच. नंतरही काही लागलं तर... मग बघू."

केबिनचं काचेचं दार बाहेरच्या बाजूला उघडत असे. केबिन लहान म्हणून काकांनीच ते तसं काढलं होतं, मोठ्या साहेबांच्या वेळी. आतून बाहेर पडायला नुसता हात लावला की पुरे. बाहेर बसलेली मंडळी एकदम आपापल्या पडद्यांत गढून गेली.

घरी आले तेव्हा ऊन होतं आणि काकू मशीनवर होत्या. इतक्या लवकर का, असं त्यांनी विचारलं नाही. शर्टाच्या खिशात परत आलेला पेनड्राइव्ह त्यांना दिसला होता.

"बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

"चाललं का कार्ड?"

"कार्ड छान चाललं." काका खुर्चीत बसले आणि बूट काढू लागले. "तुझं बरोबर होतं. नाही म्हणायचं होतं त्याला. मला ऐकू आलं नाही."

काकूंनी पॅडल थांबवलं नाही. थांबवलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. हातातली शिवण सरळ संपवून त्यांनी दोरा तोडला, आणि पाय लांब करून गुडघा चोळला. ते काकांनी पाहिलं. आठ वर्षं ते रोज डोळ्यांसमोर होतं, पण आज त्यांनी ते पाहिलं. मोटार बटणांच्या डब्यातून गेली होती. महिनाअखेरीला पगारही जाणार होता.

"तुझ्या मोटारीचं आता..." काका म्हणाले आणि थांबले. पुढचे दोन शब्द तोंडात आयते आले होते. ते त्यांनी गिळले. 

"राहू दे," काकू म्हणाल्या आणि पुढचा कपडा सुईखाली घातला.

काका उठून कॉम्प्युटरपाशी गेले. झाकण अजून भिंतीलाच टेकलेलं होतं, कापलेल्या पिंजऱ्याची कड उघडी दिसत होती. त्यांनी बटण दाबलं. घर उघडलं. ते जिना चढले, तिसऱ्या पायरीवरच्या सावलीतून गेले, वर उजवीकडे वळले, आणि बाथरूमच्या दारापुढे थांबून त्यांनी दाराला हात लावावा तसं माऊसवर बोट दाबलं. दार आत उघडू लागलं. पूर्ण उघडलं. बेसिनच्या अलीकडे थांबलं, मध्ये जागा सोडून.

"चार इंच," काका मोठ्याने म्हणाले.

खिडकीपाशी पॅडल क्षणभर थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.